अकराव्या प्रश्नातला चहा

मळा, मखमलाबाद, नाशिक
गणपती उठल्यानंतरचा आठवडा

प्रिय रोशनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळे धड आहेत. नानांची शुगर आटोक्यात आहे, गाय व्यालीय, कालवड झाली, आणि मी जशी होते तशीच आहे, म्हणजे सकाळपासून दोघांशी भांडून झालंय. पत्र लिहायची मला सवय नाही हे तुला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर मी जे काही लिहिलं ते फुलांच्या क्रेटवर खडूनं नाव, बस. तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर हसायचं नाही, आणि चुका काढायच्या तर अजिबात नाहीत. परीक्षा घेणारी बाई तू असशील, पण तिकडच्या पोरांची. माझी घ्यायची नाही.

नाना त्र्यंबकला फुलं घेऊन गेलेत. खुरपायला येणारी आपली लंकाबाई झेंडूत आहे. झेंडूला यंदा कळी एवढी लागलीय की दसऱ्याला आपल्याला मान वर करायला वेळ मिळणार नाही. घरात कुणी नाही, म्हणून बसले. लंकाबाईनं दारातून दोनदा डोकावून विचारलं, छाया, काय गं, सरकारला अर्ज लिहितेस का? म्हटलं, हो, तुला लवकर उचलून न्यावं म्हणून. ती हसत गेली. तिला काय कमी आहे, तिची लेक पलीकडच्या गल्लीत दिलीय, हाक मारली की येते.

बाजारात मला सगळे विचारतात, तुझी पोरगी तैवानला करते तरी काय. आधी मला सांगता यायचं नाही. आता येतं. मी सांगते, तिकडं अकरावी-बारावीची पोरं आहेत, चिनी बोलतात, त्यांना इंग्रजी ऐकून किती कळतं आणि वाचून किती कळतं, ते मोजायचे पेपर आमची रोशनी काढते. तर ती गजरे विकणारी गोजराबाई म्हणाली, त्यात मोजायचं काय, एक तर कळतं नाहीतर नाही कळत. मला असा राग आला! म्हटलं, तू शेवंती घेताना एक तर फूल आहे नाहीतर नाही असं म्हणतेस का? किती उमललंय, पावसात भिजलंय का, संध्याकाळपर्यंत टिकेल का, सगळं हात लावून बघतेस ना? तसंच आहे ते. दुसऱ्या दिवशी तिनंच पुढं दुसऱ्या बाईला समजावून सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू पेपर तीच काढते.

पण एक मला तू सांगितलंस ते फार पटलं. तिकडची पोरं म्हणे इंग्रजी वाचायला दिलं तर भराभरा वाचतात, अवघड अवघड वाचतात, आणि तेच कुणी बोलून दाखवलं की तोंड बघत बसतात. लहानपणापासून सगळं डोळ्यांनी शिकलेली, कानाला सवयच नाही. म्हणून तू दोन पेपर वेगळे केलेस, ऐकायचा वेगळा, वाचायचा वेगळा. मी तेव्हाच म्हटलं होतं, मी त्या पोरांच्या बरोबर उलटी आहे. मला ऐकलं की कळतं, वाचायला घेतलं की डोकं दुखतं. तू जानेवारीत आली होतीस, त्यांच्या नवीन वर्षाच्या सुटीला, तेव्हा ओट्यावर बसून मला तो चित्रांचा पेपर दिला होतास, आठवतं ना? फोनवर दोन माणसं इंग्रजीत बोलणार आणि मी चित्रावर बोट ठेवायचं. मला इंग्रजी येतं कुठं, पण निम्म्याच्या वर बरोबर आली. तू म्हणालीस, आई, कशावरून गं? कशावरून म्हणजे काय. तो माणूस दम लागल्यासारखा बोलत होता, तर तो बस चुकलेला. ती बाई गोड बोलत होती पण दात आवळून, तर ती दुकानात वस्तू परत करायला आलेली. बाजारात उभं आयुष्य गेलंय माझं, माणूस काय बोलतो ते कोण ऐकतं, कसं बोलतो ते ऐकायचं असतं. तू लगेच वही काढलीस आणि मला म्हणालीस, हे तर पेपराच्या दृष्टीनं वाईट झालं, इंग्रजी न येता उत्तर येतंय म्हणजे प्रश्न फसला. मी मेहनत करून पास झाले आणि तू प्रश्नच रद्द केलेस! त्याचा राग अजून गेला नाही माझा.

आणि मग ते रेकॉर्डिंग. मला नुसतं आठवलं तरी हसू येतं. तुझ्या वरच्या चेन मॅडमला म्हणे वेगवेगळ्या देशांतले आवाज पाहिजे होते, म्हणून तू आणि तुझी मैत्रीण प्रतिभा, दोघी मिळून मागच्या खोलीत बसायच्या. प्रतिभा नाशिकरोडला इंग्रजी शाळेत शिकवते, तिचा आवाज चांगला, पण ती एवढी घाबरली होती की पहिल्या दिवशी नुसतं पाणी पीत होती. आवाज घुमू नये म्हणून तू घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या खिडक्यांना आणि भिंतींना टांगल्यास. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं घरात बाळंतीण आहे. मोटार बंद. पंखा बंद. कुकर लावायचा नाही. कोंबड्या डालग्याखाली. नानांना खोकला आला तर त्यांनी पार बांधावर जाऊन खोकायचं. बिचारे खरंच जायचे. एकदा परत येता येता त्यांना पुन्हा आला, अर्ध्या वाटेवरून पळत गेले. त्या माणसाला मी लग्नानंतर पहिल्यांदा पळताना पाहिलं.

त्या दिवशी मी चहा ठेवला होता. आलं घालून, दूध जास्तीचं, प्रतिभा आहे म्हणून. गाळला. झाकला. पुन्हा गरम केला. झाकला. आत आपल्या दोघी बस स्टँडवर उभ्या असल्यासारख्या बोलतायत, एकच गोष्ट परत, परत, परत. माझ्यानं राहवलं नाही. मी दारातून आवाज दिला, रोशने, चहा निवतोय, आता काय गाईला पाजू का! आत प्रतिभा अशी फिसकन हसली, आणि मग तू गोधडी बाजूला करून बाहेर आलीस, तो चेहरा! मी म्हटलं मारते आता ही मला. पण तू चहा घेतलास, बशीत ओतून, लहानपणी प्यायचीस तसा, आणि म्हणालीस, चांगलं जमलेलं बिघडवलंस, आता पुन्हा. पुन्हा केलंत. झालं. मला वाटलं, विषय संपला.

विषय कुठला संपतोय. मे महिन्यात तुझा फोन आला, रडतेस. आई, तुझा आवाज गेला गं पेपरात. मला काही कळेना. मग कळलं की दोन रेकॉर्डिंगपैकी नको असलेलं तुझ्या हातून पाठवलं गेलं, आणि तिकडच्या कितीतरी शाळांत कच्ची परीक्षा घेतली त्यात अकरावा प्रश्न सुरू झाला, दोन मुली बसच्या वेळेचं बोलतायत, आणि मधेच मी. मी तुला काय म्हटलं ते तुझ्या लक्षात असेलच. म्हटलं, रडतेस कशाला, माझा आवाज काय घाण आहे का? तू म्हणालीस, तुला कळत नाही, वर्षभराचं काम आहे, ह्या परीक्षेवर माझं तिथलं सगळं आहे, चेन मॅडम तोंड वळवून बसल्यात. तेव्हा मात्र मी घाबरले. तुला बोलले नाही. तुला म्हटलं, मग ये घरी, नाशकात काय शाळा नाहीत? आणि फोन ठेवल्यावर मी तुझ्या चेन मॅडमला मराठीतून अशा काही शिव्या घातल्या की लंकाबाईनं खुरपं खाली ठेवून ऐकल्या.

खरं सांगते रोशनी, त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण आत कुठंतरी बरंही वाटलं. वाटलं, चला, पोरीचं तिकडचं संपलं. तिची तिथल्या नोकरीची बोली दिवाळीपर्यंतचीच आहे, दिवाळीला येईल ती कायमची येईल. नानांना तर मी त्याच रात्री सांगून टाकलं. मग काय, नाना कामालाच लागले. मागच्या खोलीला रंग. मी म्हटलं फिका पिवळा, त्यांनी पोपटी आणला, दुकानदारानं सांगितलं हाच चालतो. आता खोलीत गेलं की आपण मिरचीच्या आत बसलोय असं वाटतं. कपाट आणलं. प्रतिभाच्या शाळेत तिच्या मोठ्या बाईंशी बोलून ठेवलं. मी बाजारात सगळ्यांना सांगून बसले, रोशनी येतेय, दिवाळीला येतेय, आता इथंच. गोजराबाईनं तर तुझ्यासाठी मुलगा बघायलाही सुरुवात केली, अंबडला कंपनीत आहे म्हणे, मोठ्या पगारावर. मी म्हटलं, आधी त्याला विचार, चहा वेळेवर पितो का.

आणि मग गणपतीच्या दिवसांत तू व्हिडिओ लावलास. आधी तूच एकटी, आणि एवढी हसत होतीस की बोलता येईना. मग सांगितलंस. तो अकरावा प्रश्न काढून टाकायचा ठरला होता, पण काढायच्या आधी कुणीतरी त्याचे आकडे बघितले, आणि तो सगळ्या पेपरात भारी निघाला. जी पोरं क्लासला जाऊन नुसती घोकून आली होती ती माझा आवाज आल्याबरोबर गडबडली. जी खरंच कान देऊन ऐकत होती त्यांनी मला बाजूला सारलं आणि बसची वेळ बरोबर पकडली. म्हणजे आपण चाळणीनं धान्य चाळतो तसं त्या प्रश्नानं खरं-खोटं वेगळं केलं, असं तू म्हणालीस. मला तेवढं डोकं नाही, पण माझ्या ओरडण्याची चाळणी झाली एवढं कळलं. आणि मग तू त्या पोरांना विचारलंस म्हणे, मधला आवाज कुणाचा होता, काय म्हणत होता. मराठीचं अक्षर माहीत नसलेली ती पोरं. कुणी लिहिलं, ही आई आहे. कुणी लिहिलं, तिनं काहीतरी खायला केलंय आणि ते वाया चाललंय. आणि एका पोरीनं लिहिलं, माझी आई पण असंच ओरडते, मला भूक लागली. त्या पोरीला माझ्याकडून दे काहीतरी. मी दिवाळीचा फराळ पाठवीन ना, त्यातली करंजी दे.

मग तू फोन लांब धरलास आणि तुझ्यामागं तो सगळा वर्ग! निळ्या शर्टातली, केस कपाळावर आलेली, सगळी एका वयाची पोरं-पोरी, आणि तू बोट वर केल्याबरोबर एका सुरात ओरडली, रोशने, चहा निवतोय! अगं, नानांच्या हातातली आरतीची घंटा पडली. एवढं स्वच्छ बोलली, मधे कुठं अडखळली नाहीत. मागं एक जाडसर पोरगा तर कमरेवर हात ठेवून ओरडला, हुबेहूब माझ्यासारखा. मला त्या क्षणाला वाटलं, ही पोरं कुणाची, कुठली, आपलं त्यांचं काय, आणि माझ्या चहाची काळजी करतायत. लंकाबाई शेजारी उभी होती, तिनं डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाली, रडू नको.

त्यानंतर चेन मॅडम आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, मी मनात केवढी मोठी राक्षसीण केली होती त्यांची. त्या कमरेत वाकल्या, मीही वाकले, फोन वाकला. मग त्या बोलायला लागल्या, त्यांच्या भाषेत. किती तरी वेळ बोलल्या. बोलता बोलता त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मग तोच हात काढून खाली टेबलावर ठेवला, असा दाबून, इथंच असं म्हणताना ठेवतात तसा. मग माझ्याकडे बघून थांबल्या. मी काहीतरी बोलेन अशी वाट बघत थांबल्या. आणि तू मला मराठीत सांगितलंस, आई, मॅडम म्हणतात तुझा आवाज छान आहे.

रोशनी, मी फुलबाजारात काय करते ते तू विसरलीस का? व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याशी कसल्यातरी भाषेत एवढं लांबण लावतो आणि आपल्याकडे वळून म्हणतो, मावशी, आज माल उठत नाही. मधलं सगळं कुठं गेलं? ते कुठं गेलं ते ओळखण्यावर आपलं घर चाललंय. बाई एवढं बोलली आणि तू तेवढंच सांगितलंस. वर तू मान खाली घातलीस. मग मी मुद्दाम खोलीचं काढलं. म्हटलं, रंग झालाय, कपाट आलंय, पडदे कसले घेऊ? तर तू म्हणालीस, पडद्यांची घाई करू नका. तू! जन्मल्यापासून जिला सगळं आत्ता पाहिजे, ती तू म्हणतेस घाई करू नका. नानांना काही कळलं नाही, ते म्हणाले बरं, सावकाश घेऊ. मला सगळं कळलं. तू विचारलं नाहीस, पण मी ऐकलं. त्यांनी तुला ठेवून घ्यायचं ठरवलंय. आणि तू त्यांना अजून हो म्हटलेलं नाहीस, कारण इथं भिंत पोपटी झालीय.

त्या दिवसापासून मी दोनतीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. मला हसू येतं आणि रागही येतो. माझाच आवाज, माझाच चहा, आणि त्यानंच माझी पोरगी तिकडं ठेवून घ्यायला लावली. कुणाला सांगू? पण मग ती पोरं डोळ्यांसमोर येतात. तू बोट वर केलंस आणि ती सगळी एकदम ओरडली, आणि त्या वेळी तुझा चेहरा जो होता ना, तसा मी तुझा चेहरा कधी पाहिला नव्हता. दहावीला पहिली आलीस तेव्हाही नाही. ते मी काही ऐकलं नाही, नुसतं बघितलं, पण बरोबर वाचलं. वाचायच्या पेपरात मी पास झाले असं समज.

तर मुद्द्यावर येते, आधीच फार लांबलं. त्यांना हो म्हण. नानांचं माझ्याकडे, मी त्यांना काल सांगितलं. ते बांधावर जाऊन खोकून आले, आणि म्हणाले, मग त्या गोधड्या परत टांगायच्या का? मी म्हटलं, टांगायच्या. दर वर्षी त्यांच्या नवीन वर्षाच्या सुटीला तू यायचंस, प्रतिभाला बोलवायचंस आणि मागच्या खोलीत बसून पुढचे पेपर बोलायचेत. पोपटी रंग गोधड्यांखाली दिसत नाही, बघ, तोही प्रश्न मिटला. मोटार बंद ठेवू, कोंबड्या झाकू. चहा मी वेळेवर करीन आणि वेळेवर ओरडीन, तो आता पेपरचाच भाग आहे. गोजराबाईला मी सांगून टाकलंय की अंबडच्या पोरासाठी दुसरीकडे बघ. ती विचारते, मग रोशनीचं कसं? म्हटलं, तिचं मोठं छान चाललंय.

आता तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीसाठी पोस्टाचं पत्र कशाला, फोन का नाही केला. फोन केला असता गं. मी म्हटलं असतं हो म्हण, आणि तू माझे शब्द ऐकलेच नसतेस. तू आवाज ऐकला असतास. माझीच पोरगी आहेस, कान माझेच घेतलेस. आवाजावरून तुला भलतंच काहीतरी कळलं असतं आणि तू विमानात बसून निघून आली असतीस. कागदाला आवाज नसतो. म्हणून लिहिलं. जेवढं लिहिलंय तेवढंच वाच, आणि जा, चेन मॅडमना सांग. आणि हो, तुझ्यासमोर कप असेल तर उचल आधी. निवला असेल.

तुझीच, तिकडच्या सगळ्या वर्गाच्या ओळखीची,
आई